रणगाड्याला मिश्री

त्या रविवारी सुरतेत आमच्या लिंबायतच्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की म्हातारी वाढवून सांगते. मी होते. पोरीचे बाप होते, भिंतीला टेकून, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. आमची पोरगी होती, मांडीवर साडी घेऊन टिकल्या चिकटवत. मी ज्याच्याकडं भांडी-फरशी करायचे तो बँकेतला साहेब होता. त्याची बायको होती, तिला मी वहिनी म्हणायचे. आणि साहेबाकडं मुंबईहून पाहुणा आलेला एक म्हातारा फौजी होता, मूळचा साताऱ्याकडचा. एवढी सहा माणसं. बसायला जागा नव्हती म्हणून साहेब पिंपावर टेकला, पण आधी रुमाल अंथरला.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहिता येतं, पण हात सावकाश चालतो. आम्ही शिरपूरकडचे. लग्न झालं तसं कोयता घेऊन चलथाणच्या कारखान्याला ऊस तोडायला आलो. तिथं पोरीच्या बापांनी एकदा एका ट्रॉलीवर नंबर रंगवला. मुकादमाचा रंगारी आला नव्हता म्हणून. तो नंबर असा उतरला की दुसऱ्या ट्रॉलीवाल्यानं बोलावलं, मग तिसऱ्यानं. दोन हंगामांनी कोयता सुटला आणि ते हायवेवरच्या एका गॅरेजात लागले. ट्रकची बॉडी रंगवायची. सव्वीस वर्षं तेच केलं. आधी पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, मग रंगाचे दोन हात, मग कडेनं पिवळी रेघ, मागं कमळ, खाली नजर लागू नये म्हणून काळा जोडा. सगळ्यात शेवटी वार्निश. वार्निश मारल्यावर ते दोन पावलं मागं सरकून गाडीत स्वतःचं तोंड बघायचे. दिसलं तर गाडी बाहेर. नाही दिसलं तर पुन्हा पॉलिशपेपर.

मग छातीत रंग बसला. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आता स्प्रे हातात घ्यायचा नाही, गॅरेजच्या दारातही उभं राहायचं नाही. झालं. माणूस घरी बसला. आणि बसला म्हणजे बसलाच. भिंतीला पाठ लावून सकाळ ते दिवेलागण. भाकरी अर्धी खायची, अर्धी ताटात. पोरगी काही बोलली तर हूं. फक्त बोट चालायचं, जमिनीवर, सरळ रेघ, मग वळण, मग परत सरळ. मी बघायचे आणि मला कळायचं की हा माणूस असा वर्षभर बसला तर पुढचं वर्ष बघणार नाही. माझ्या बापाला मी असंच बसलेलं पाहिलं होतं. मला दुसरं काही नको होतं. त्यांच्या हातात ब्रश पाहिजे होता. कसला का असेना.

आता साहेबाचं सांगते.

साहेब सुरतेतच भटारकडं राहायचा. पुण्याचा. बँकेत मोठ्या खुर्चीवर. त्याच्या हॉलमध्ये एक काचेचं कपाट होतं, त्याला कुलूप. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "मावशी, सगळं पुसा, ह्याला हात लावायचा नाही." मला वाटलं देव असतील. बघते तर आत खेळण्यातल्या गाड्या. लष्कराच्या. टँक, जीप, तोफ ओढायचा ट्रक. साहेबाचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता, तो परदेशातून खोकी आणायचा. खोक्यात प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे. साहेब बँकेतून आला की चहा पिऊन ते तुकडे चिकटवत बसायचा. पन्नाशीला आलेला माणूस, डोक्याला दिवा बांधून, चिमट्यानं टँकचं चाक धरून.

वहिनी म्हणायच्या, "यांच्या आईनं मला सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे. हे सांगितलं नव्हतं."

प्लेगच्या वेळी दोघं पुण्याला पळाले. तांदूळ, पीठ, गॅस सगळं उघडं टाकून गेले, वहिनींचं मंगळसूत्रसुद्धा देवाजवळ राहिलं. कपाटाची किल्ली मात्र साहेबानं जानव्याला बांधून नेली. आम्ही कुठं पळणार? आम्ही तिथंच होतो.

साहेबाला चिकटवता यायचं पण रंग द्यायला हात नव्हता. रंग ओघळायचा. ब्रशाचे केस चिकटून राहायचे. एक दिवस तो एक टँक हातात घेऊन चरफडत होता आणि मी फरशी पुसता पुसता बोलून गेले, "आमच्याकडचे गाड्याच रंगवायचे साहेब. सव्वीस वर्षं."

साहेबानं चष्मा वर केला. "कुठल्या गाड्या?"

"ट्रक."

"ट्रक वेगळे, मावशी."

"चाकं असतात ना?"

आतून वहिनी हसल्या. साहेबाला ते आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं चपलांच्या खोक्यात एक टँक, चार छोट्या डब्या रंगाच्या आणि एक पुस्तकाचं पान असं माझ्याकडं दिलं. पानावर रंग कुठला कुठं ते होतं. मी ते खोकं मांडीवर धरून रिक्षानं घरी आणलं. पोरीच्या बापांनी उघडलं. उठले, तोंड धुतलं, पेटीतून खारीच्या केसांचा ब्रश काढला, त्याला कुंकू लावलं. मग खिडकीशी बसले. त्या दिवशी ताटात भाकरी उरली नाही.

एवढ्या डबीतून वास तो किती येणार? छातीला काही झालं नाही. उलट खोकला कमी झाला असं मला वाटलं. मनाचं असेल.

पंधरा दिवसांनी टँक तयार झाला. मी आयुष्यात तसली सुंदर गोष्ट बघितली नव्हती. हिरवा रंग कसा, तर नव्या पितळेच्या भांड्यासारखा गुळगुळीत. कडेनं पिवळी रेघ, केसाएवढी, कुठं जाड नाही कुठं बारीक नाही. मागच्या झाकणावर कमळ, मसुराच्या डाळीएवढं, पाकळ्या मोजून घ्याव्या. खाली काळा जोडा. आणि सगळ्यावर वार्निश. टँकमध्ये खिडकी दिसत होती.

मी तो साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेब बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, हा रणगाडा आहे. लग्नाची गाडी नाही."

मी म्हटलं, "चांगलं नाही का झालं?"

"चांगलं? चकचकतोय. युद्धात रणगाडा चकचकतो का? त्याला धूळ पाहिजे, चिखल पाहिजे, गंज पाहिजे, तेलाचे डाग पाहिजेत. त्याला वेदरिंग म्हणतात." आणि त्यानं मला इंग्रजी पुस्तकातले फोटो दाखवले. गोऱ्या माणसांनी बनवलेले टँक, चिखलानं भरलेले, गंजलेले, पट्ट्यात गवत अडकलेलं. किती प्रेमानं दाखवत होता. पानावरून बोट फिरवत होता, वहिनींकडं कधी तसं बघितलेलं मी पाहिलं नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिते. मी तेरा वर्षांची असल्यापासून घाण काढते आहे. उसाच्या फडातली, ट्रॉलीतली, लोकांच्या मोरीतली, लोकांच्या ताटातली. खाडीचं पाणी लिंबायतमध्ये शिरलं की घरातला गाळ थाळीनं उपसून बाहेर फेकते. आणि हा माणूस, ज्याच्या बुटाला पावसाळ्यात शिंतोडा लागला तर वॉचमनकडून पुसून घेतो, त्याला चिखल विकत पाहिजे. परदेशातून बाटलीत भरून आलेला चिखल होता त्याच्याकडं. खरं सांगते. बाटलीवर चिकटपट्टी, आत तपकिरी पाणी. आमच्याकडं त्याला घाण म्हणतात आणि ती फुकट मिळते.

साहेब म्हणाला, "असं करता येत असेल तर पुढचं देतो. नाही तर राहू दे."

घरी येऊन मी पोरीच्या बापांना सांगितलं. घुमवून सांगितलं नाही, सरळ सांगितलं, की साहेबाला गाडी मळकी पाहिजे.

ते ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, "धूळ रस्ता लावस. मनं काम तेना पहिले सरी जास."

धूळ रस्ता लावतो, माझं काम त्याच्या आधी संपतं. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो.

मी म्हटलं, "साहेबाचं म्हणणं..."

"साहेबले सांग, तुना टँक रस्तावर फिरव. मळी जाई आपोआप."

पोरगी टिकल्या चिकटवता चिकटवता हसली. तेही हसले. दीड वर्षात पहिल्यांदा हसले. मी पुढं काय बोलणार? मी गप्प बसले आणि तिथंच माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना मी पदरात दोन-तीन पुड्या बांधून नेल्या. एकीत खाडीकाठचा गाळ, वाळवून, जुन्या साडीच्या तुकड्यातून चाळलेला. एकीत आमच्या स्टोव्हची काजळी. एकीत हापश्याच्या नळाचा गंज, वरवंट्यानं वाटलेला. आणि माझी मिश्रीची डबी तर कमरेला असतेच. दात घासायची जळलेल्या तंबाखूची ती भुकटी, तिचा रंग असा असतो की कुठल्याही परदेशी बाटलीत मिळायचा नाही. काळा नाही, तपकिरी नाही, जळल्यासारखा. गाडीच्या धुराच्या नळीचं तोंड नेमकं त्या रंगाचं असतं. वहिनींच्या गॅलरीत बसले, कालच्या भाताची पेज वाटीत घेतली, तिच्यात गाळ कालवला आणि त्या टँकला लावला.

हात पहिल्यांदा थांबला. ती रेघ झाकताना थांबला. मग लावला.

साहेब त्याच्या बाटलीतला चिखल कसा लावायचा, तर ढोकळ्यावर फोडणी टाकावी तसा, सगळीकडं सारखा. छतावर पण चिखल. अरे बाबा, छतावर चिखल जातो कसा? गाडी उलटी चालते का? चिखल चाकाच्या आतल्या बाजूला बसतो. मागच्या चाकाचा उडतो तो वरच्या पत्र्याच्या पोटात जाऊन चिकटतो, तिथं पाणी लागत नाही म्हणून तो राहतो, वाळतो, कडेनं तडकतो. ओला असतो तेव्हा काळा, वाळला की फिका. जिथं माणूस पाय देऊन चढतो तिथं चिखल नसतो, तिथं रंगच घासून जातो. जिथं डिझेल सांडतं तिथं धूळ काळी होऊन धरून बसते आणि खाली ओघळ दिसतो. गंज मधून येत नाही, खिळ्याच्या बुडातून येतो आणि पावसानं खाली उतरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. चलथाणला ट्रॉली फसली की आम्ही बायका चाकाखाली उसाचं पाचट घालायचो आणि खांद्यानं ढकलायचो. चाक तोंडापासून वितीवर असतं. बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं.

संध्याकाळी साहेबानं टँक बघितला आणि खुर्चीवर बसला. "कुणी केलं?"

"घरीच झालं," मी म्हटलं.

"त्यांना म्हणावं, मी हरलो."

माझ्या तोंडात आलं होतं की तुम्ही लढलात कधी. पण मी म्हटलं, "पुढची गाडी द्या."

असं आठ-नऊ महिने चाललं. एक टँक, मग जीप, मग तोफेचा ट्रक, मग परत टँक. पोरीचे बाप घरी चकचकीत करून द्यायचे, मी गॅलरीत बसून मळवायचे. ते सकाळी अंघोळ करून खिडकीशी बसायचे. भाकरी मागून घ्यायचे. शेजारणीच्या नातवाच्या दप्तरावर मोर काढून दिला. मी गाडी देऊन आले की मला विचारायचे, "साहेब काय म्हने?"

मी सांगायचे, "लई खूश झाला." त्यात खोटं काय होतं? खूश तर व्हायचा.

एकदा म्हणाले, "कपाटमा कश्या दिसतस एकदा पाहू दे मले." मी म्हटलं, जिना चढायचा नाही तुम्ही, तिसरा मजला आहे, डॉक्टर काय म्हणाला. ते ऐकलं त्यांनी. माझं ते नेहमी ऐकायचे.

रविवारी साहेबाकडं त्याच्यासारखे आणखी दोन-तीन जण जमायचे. एक दाताचा डॉक्टर, एक साड्यांचा शेठ. मी चहा न्यायचे तर सगळे एका टँकवर ओणवे. भिंग फिरवत. "काय रियल आहे, काय रियल आहे." शेठ म्हणायचा, "आ तो साचो कादव लागे छे." अरे, खराच चिखल आहे तो, तुझ्या मिलचं पाणी ज्या खाडीत सोडतोस त्याच खाडीचा. हात लावून वास घे. पण कोण सांगणार? आणि साहेब काय सांगायचा त्यांना? "रंग एकाकडून करून घेतो, वेदरिंग मात्र माझं स्वतःचं." माझ्या समोर. माझ्या हातातून कप घेता घेता. मला राग आला नाही. ज्या माणसाला दुसऱ्याची घाण आपली म्हणून सांगावीशी वाटते त्याच्यावर काय रागवायचं.

मग तो फौजी आला. साहेबाच्या वडिलांचा कुणी दोस्त. सत्तरीचा, पाठ सरळ, कमी बोलणारा. साहेबानं त्याला कपाट दाखवलं. तो इतरांसारखा ओणवा झाला नाही. त्यानं तोफेचा ट्रक हातात घेतला, उलटा केला आणि पोटाखाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे तू केलंस?" साहेबाला विचारलं.

"हो, म्हणजे वेदरिंग."

"तू चिखलात गाडी कधी ढकललीस?"

साहेब म्हणाला, "पुस्तकं आहेत ना काका, रेफरन्स असतात."

फौजी म्हणाला, "पुस्तकात गाडीचं पोट कोण छापतो?"

आतून वहिनी म्हणाल्या, "अहो सांगा की खरं. माझ्या गॅलरीत बसून करतात मावशी. माझी चहाची गाळणी गेली त्यात."

मी तिथंच होते, फडकं हातात. साहेबाचं तोंड पडलं. फौजी माझ्याकडं वळला, हात जोडले आणि म्हणाला, "बाई, रंग कुणाचा?" मी म्हटलं, मालकांचा. "मला त्यांना भेटायचंय."

मी नाही नाही ते सांगितलं. घर लांब आहे, गल्लीत गटार फुटलंय, त्यांची तब्येत बरी नाही. पण साहेबाला आता पाहुण्यासमोर मोठेपणा दाखवायचा होता. तो म्हणाला, "आत्ताच जाऊ, रिक्षा बोलावतो." आणि तोच ट्रक त्यानं कापसात गुंडाळून खोक्यात घातला, दाखवायला. मी वहिनींना डोळ्यांनी विनवलं. त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं घर दाखवायची लाज वाटते.

म्हणून त्या रविवारी आमच्या खोलीत सहा माणसं.

पोरीनं चहा टाकला. पोरीचे बाप उठायला लागले तर फौजी म्हणाला, "बसा बसा, पेंटरबाबा." आणि स्वतः त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. साहेब पिंपावर. साहेबानं खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि ट्रक त्यांच्या हातात दिला. "बघा, तुमचीच कारागिरी."

त्यांनी ट्रक हातात घेतला. फिरवला. मला वाटलं ओळखणार नाहीत. ओळखू नये म्हणून मनात देवाला सांगत होते.

"हाई मनी शे?" त्यांनी मला विचारलं. ही माझी आहे?

मी कप मांडायला लागले.

फौजी मराठीत सांगत होता, की चिखल कसा बरोबर पोटाला बसलाय, ओघळ कसा खरा आहे, चाळीस वर्षांत असं काम पाहिलं नाही. साहेब मान हलवत होता. पोरीच्या बापांनी अंगठा जिभेला लावला आणि ट्रकच्या बाजूच्या पत्र्यावर फिरवला. हळू, एकदा, दोनदा. पेजेतला गाळ सुटला आणि अंगठ्याएवढी जागा उघडी पडली. हिरवा रंग, वर पिवळी रेघ, वार्निश जसंच्या तसं. चमकलं.

"अहो, अहो काय करताय," साहेब पिंपावरून उठला आणि ट्रक त्यांच्या हातातून काढून घेतला. "खराब होईल."

फौजीनं ती जागा बघितली होती. तो म्हणाला, "आमच्याकडं परेडच्या आधी गाड्या अशा व्हायच्या. दोन-दोन दिवस धुवायचो. चिखलाचा ठिपका दिसला तर शिक्षा व्हायची." मग त्यांच्याकडं बघून म्हणाला, "पेंटरबाबा, ही गाडी मी परेडला नेली असती."

चांगला माणूस होता तो. पण त्यांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते.

"कितल्या?"

"सात," मी म्हटलं.

"समद्या?"

"समद्या."

त्यांनी अंगठा धोतराला पुसला. पाहुण्यांना चहा घ्या म्हणाले. साहेबाला काही कळलं नाही, तो विचारत होता की बाजूचा तो भाग परत चिखल लावून दुरुस्त होईल ना मावशी. मी होईल म्हटलं. वहिनींना तेवढ्यात कळलं असावं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला आता, त्यांना आराम करू द्या."

ते गेल्यावर मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ब्रश टरपनमध्ये धुतले, फडक्यात गुंडाळले, पेटीत ठेवले, पेटी फळीवर ठेवली. मग भिंतीला पाठ लावून बसले.

मी म्हटलं, "तुम्ही जेवत नव्हता. साहेब काम देणार नाही म्हणाला होता. मी काय करायचं होतं?"

ते म्हणाले, "मले सांगतीस तर मी नही म्हनतू. बस." मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, एवढंच.

आणि मी त्यासाठीच सांगितलं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

साहेबानं पुढं तीनदा खोकी पाठवली. ती उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाले, साहेबाला म्हण, तूच रंगव आणि तूच मळव. मग साहेबानं स्वतः रंगवून एक जीप मला दिली मळवायला. मी गॅलरीत बसले, तीच पेज, तोच गाळ, तीच मिश्री. लागेना. डाग पडले. जिथं लावला तिथंच रंगात शिरून बसला, पुसता येईना, ओघळ ओढता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या वार्निशवर चिखल सरकायचा, नको तिथला बोटानं निघायचा, पाहिजे तेवढाच राहायचा. सगळे ज्या चिखलाला नावाजत होते तो त्यांच्या चमकीवर उभा होता. ही अक्कल मला आठ महिने आली नाही आणि भिंग लावून बघणाऱ्या त्या शहाण्यांना तर जन्मात येणार नाही.

घरी येऊन मी त्यांना हे सांगितलं. ते ऐकत होते. बोट जमिनीवर चालत होतं ते थांबलं, एवढं मी बघितलं. मग परत चालू झालं.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. रंगानं गेले असं डॉक्टरनं लिहून दिलं. डॉक्टरला काय माहीत.

साहेबाची बदली झाली. कपाट भुसा भरून, चादरी गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं. ते चढवताना साहेब ओरडत होता, हळू, हळू. मी फरशी पुसून किल्ली वॉचमनकडं दिली. मी ते काम सोडलं आणि त्यानंतर पोरीबरोबर टिकल्या चिकटवल्या, डोळे अधू झाले तोवर.

त्या सात गाड्या कुठं आहेत मला माहीत नाही. साहेब आता असेल-नसेल. अशा गाड्या एकाकडून दुसऱ्याकडं जातात, विकल्या जातात, असं वहिनी म्हणायच्या. वाचणाऱ्याला एवढंच मागते. तुमच्या कपाटात लष्कराची बारकी गाडी असेल, सुरतेहून आलेली, चिखल फार खरा वाटतो अशी, तर फडकं ओलं करून तो चिखल पुसून टाका. सगळा पुसा. माझा आहे, गेला तरी चालेल.